औषधाचा आकडा आणि माध्यमाचा वाटा

डोक्यातला कोंडा आणि छाती-पाठीवर उठणारी शिबं या दोन्हींशी जिचा संबंध आहे, ती मॅलॅसेझिया नावाची यीस्ट माणसाच्या त्वचेवर एरवी मुकाट्याने नांदत असते. प्रयोगशाळेत मात्र तिचे नखरे सांभाळता सांभाळता नाकी नऊ येतात. लागणारी मेदाम्ले ती स्वतः तयार करू शकत नाही, कारण त्यासाठी आवश्यक असलेल्या विकराचे जनुकच तिच्याकडे नाही. त्वचेवर तिला तेल आयते मिळते, प्लेटमध्ये ते आपल्याला द्यावे लागते, आणि बुरशीविरोधी औषधांच्या चाचणीतला बहुतेक घोळ इथूनच सुरू होतो.

कॅन्डिडा या दुसऱ्या यीस्टवर औषध तपासण्याची पद्धत ठरलेली आहे. ९६ खाचांच्या प्लेटमध्ये औषध प्रत्येक खाचेला निम्मे करत नेतात, म्हणजे १६, मग ८, ४, २ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर असे. आरपीएमआय १६४० या माध्यमात, म्हणजे पेशी वाढवण्याच्या पोषक द्रवात, ठरावीक पेशी घालून प्लेट ३५ अंश सेल्सिअसला २४ तास ठेवतात, आणि ज्या सर्वांत कमी मात्रेला वाढ रोखली गेलेली दिसते तिला एमआयसी म्हणतात. अझोल गटातल्या औषधांसाठी वाढ निम्म्यावर आली तरी पुरते, अ‍ॅम्फोटेरिसिन बीसाठी ती पूर्ण थांबलेली लागते. नवखी असताना मी हीच प्लेट मॅलॅसेझियासाठी लावली होती. सगळ्या खाचा काचेसारख्या स्वच्छ दिसल्या, औषध फारच प्रभावी निघाले असे वाटले, आणि मग औषध न घातलेल्या नियंत्रण खाचेकडे लक्ष गेले. तीही तितकीच स्वच्छ होती.

म्हणून माध्यमात बैलाचे पित्त, ग्लिसरॉल आणि ट्वीन यांसारखे स्निग्ध पदार्थ घालावे लागतात, तापमान ३२ ते ३४ अंशांवर आणावे लागते आणि निदान ७२ तास थांबावे लागते. एवढे करूनही वाचन सोपे नसते. स्निग्ध माध्यम मुळातच दुधट असते, पेशी एकमेकींना चिकटून गुठळ्या करतात, आणि प्लेट उजेडासमोर धरली की तळाशी दिसणारा पांढरा ठिपका यीस्टचा आहे की तेलाचा, हे छातीठोकपणे सांगता येत नाही. अशा वेळी रेझाझुरिन मदतीला येते: पेशी जिवंत असल्या की त्याचा निळा रंग गुलाबी होतो. जांभळट खाचेपाशी मात्र वाचणाऱ्याचा डोळाच प्रमाण ठरतो.

मला अधिक खटकते ती गोष्ट वेगळी आहे. केटोकोनॅझोल आणि इट्राकोनॅझोल ही औषधे स्वतःच तेलाकडे ओढली जाणारी आहेत. यीस्टला जगवण्यासाठी घातलेल्या तेलातच औषध अडकून बसले, तर पेशींच्या वाट्याला कमी येते आणि एमआयसी फुगलेली दिसते. म्हणजे त्या आकड्यात यीस्टइतकाच माध्यमाचाही वाटा असू शकतो, आणि दोन वेगळ्या माध्यमांतले आकडे शेजारी ठेवून तुलना करण्यात अर्थ उरत नाही. जुन्या आकड्यांना आणखी एक ग्रहण आहे: १९९६ मध्ये या वंशाची सात जातींत फेरमांडणी झाली, त्यामुळे त्याआधी एकाच नावाखाली नोंदलेली यीस्ट नेमकी कोणती होती, याची खात्री देता येत नाही.

डॉक्टर साहजिकच विचारतात की ही यीस्ट औषधाला दाद देईल की नाही. अशा चाचण्यांचे निकष ठरवणाऱ्या सीएलएसआय किंवा युकास्ट या संस्थांपैकी कोणीही मॅलॅसेझियासाठी तशी सीमारेषा आखलेली नाही. शिवाय २ टक्के केटोकोनॅझोलच्या मलमात प्रत्येक ग्रॅममागे २०,००० मायक्रोग्रॅम औषध असते, तर प्लेटमध्ये अनेकदा एका मायक्रोग्रॅमहून कमी मात्राही पुरते. त्वचेवर खरा प्रश्न औषध केसाच्या मुळापर्यंत किती पोचते आणि किती वेळ टिकते हा असतो. त्यामुळे अहवालात मी जात, माध्यम, तापमान, तास आणि वाचनाचा निकष लिहिते, आणि ‘संवेदनशील की प्रतिरोधक’ हा रकाना कोरा ठेवते. एकाच रुग्णाकडून महिन्यांच्या अंतराने आलेल्या दोन यीस्ट एकाच दिवशी, एकाच माध्यमात लावल्या आणि दुसरीचा आकडा तीन-चार खाचा वर सरकलेला दिसला, तर मात्र मी चाचणी पुन्हा लावते आणि तोच आकडा आला की डॉक्टरांना फोन करते.