थाळनेरच्या किल्ल्यातून दोघींची सुटका

कुमारवयीन वाचकांसाठी लिहीत असलेल्या माझ्या अद्भुत साहसकथेचा शेवट मी गेल्या आठवड्यात काढून टाकला आणि तो माझ्या भाचीच्या एका प्रश्नामुळे काढला.

कथा घडते तापीकाठच्या थाळनेरच्या किल्ल्यात. खानदेशावर राज्य केलेल्या फारुकी घराण्याचे हे पहिले ठाणे. १८१८ साली इंग्रजांनी किल्ला घेतला तेव्हा किल्लेदार तुळशीराम मामा याला फाशी दिले गेले आणि आतली शिबंदी कापली गेली. आज तेथे पडझड झालेले अवशेषच उरले आहेत, पण माझ्या कथेत तट शाबूत आहे आणि त्याच्या आत रोज सूर्यास्ताला प्रत्येक कैद्याचा एक शब्द कायमचा पुसला जातो. तो शब्द ज्याला ठाऊक आहे अशा दुसऱ्या माणसाने उच्चारला, तरच परत मिळतो. कैदेत असलेल्या दोन मुलींपैकी एक अहिराणी बोलणारी आहे, दुसरी सातपुड्यातल्या पावरा आदिवासींची पावरी. एकमेकींची भाषा शिकल्यामुळेच त्या तग धरतात.

पहिल्या खर्ड्यात पावरी मुलगी मागे राहून मैत्रिणीला वाट करून देत होती. हा त्याग मला फार उदात्त वाटला होता. भाचीने वही मिटली आणि विचारले, ‘‘मावशी, मंग तिले तिना शब्द कोन दी?’’

माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण मीच घातलेल्या नियमाप्रमाणे मागे राहिलेली मुलगी काही महिन्यांत मुकी होणार होती आणि बाहेर पडलेलीचे हरवलेले शब्दही किल्ल्यातच राहणार होते. अठराव्या वर्षी मी शिरपूर सोडले तेव्हा माझी जिवलग मैत्रीण मागे राहिली. त्या जाण्याला मी इतकी वर्षे सुटका म्हणत आले आणि तेच नकळत कथेत उतरले, असे आता मला वाटते.

नव्या खर्ड्यात दोघी होडीतून निघतात. तापी पश्चिमेला वाहते, म्हणून प्रवाहाबरोबर सारंगखेडा आणि पुढे प्रकाशा, जेथे गोमाई तापीला मिळते. सारंगखेड्याला दत्तजयंतीची यात्रा भरली आहे, घोड्यांच्या बाजारात पाय ठेवायला जागा नाही आणि पाठलाग करणारे काठावर उतरले आहेत. अहिराणी मुलगी एका पांढऱ्या जनावरासमोर थबकते, कारण त्याला काय म्हणतात तेच तिला आठवत नाही. पावरी मैत्रीण लगाम हाती घेते आणि तिच्या कानात, तिच्याच अहिराणीत, तो शब्द सांगते.