बंदूकधाऱ्यांच्या बोळात किमची

टोकियोच्या यामानोते या रेल्वे लाइनवर शिंजुकूला लागूनच शिन-ओकुबो स्टेशन आहे. बाहेर पडून उजवीकडे वळलं की कोरिया सुरू, म्हणजे कोरियन दुकानांची वस्ती. रस्ता ओलांडून समोरच्या बोळात शिरलं की जिरं-धण्याचा वास. त्या बोळाला लोक ‘इस्लाम योकोचो’, म्हणजे इस्लामी गल्ली, म्हणतात. हलाल मटण, डाळी, मसाले सगळं तिथे.

इथले बोळ अरुंद का? एका भागाचं नाव ह्याकुनिन्चो, म्हणजे शंभर जणांची वस्ती. एदो काळात (1603 ते 1868) शोगूनच्या, म्हणजे जपानच्या लष्करी सत्ताधीशाच्या, बंदूकधारी शिपायांना इथे जागा मिळाल्या, तोंडाला चिंचोळ्या आणि मागे लांबच लांब, कोकणातल्या किनाऱ्यावरच्या वाड्यांसारख्या. जोडधंदा म्हणून ते अझेलियाची फुलझाडं लावत. शिपाई गेले, पट्ट्या राहिल्या. 1950 मध्ये लोट्टे कंपनीचा च्युइंगमचा कारखाना इथे आला. आता त्याच बोळांत काडीला लावलेला चीज हॉटडॉग खाणाऱ्या पोरींची रांग असते. हॉटडॉग दुकानासमोरच उभ्यानं संपवावा आणि काडी तिथेच परत द्यावी. पुढे कचऱ्याचा डबा सापडत नाही.

खरी खरेदी मात्र किमचीची, म्हणजे तिखट-मीठ लावून आंबवलेल्या कोरियन कोबीची. पिशवी फुगलेली दिसली म्हणून नाक मुरडू नये, आत आंबणं चालू आहे एवढाच त्याचा अर्थ. नुसती खायची तर ताजी घ्यावी, रश्श्याला आंबटढोण. ट्रेनमधून नेताना दोन पिशव्या, नाहीतर डबाभर लोक आपल्याकडे बघतात. घरी फ्रीजमध्ये ती तिच्याच पाण्याखाली दाबून ठेवायची. आपल्या लोणच्यावर तेल तरंगतं, इथे ते काम पाण्याचं. वर उघडा राहिलेला तुकडा सुकतो आणि त्यावर पांढरी साय धरते.

रश्श्याला, म्हणजे जिगेला, 200 ग्रॅम जुनी किमची तिळाच्या तेलात पाच मिनिटं परतावी. मग 400 मिली तांदळाचं धुवण, तेही दुसऱ्या पाण्याचं, आणि वीस मिनिटं मंद आच. टोफू, म्हणजे सोयाबीनचं पनीर, शेवटी, नाहीतर चुरा होतो. ताज्या किमचीचा रस्सा पुळकट लागतो. चमचाभर किमचीचं पाणी घातलं की निभावतं.

शाकाहाऱ्यांनी मात्र पाकिटामागची यादी वाचून घ्यावी. ‘नुसती कोबीच तर आहे’ म्हणून उचललेल्या किमचीत बहुतेकदा खारवलेली बारीक कोळंबी असते, थेट आपल्या जवळ्याची चुलत बहीण.