तुम्ही विचारलंत म्हणून: कुत्रा विमानातून आपणहून उडी मारतो का?

कुत्र्यांना शिकवणं हे माझं रोजचं काम. पॅराशूटने उतरणाऱ्या लष्करी कुत्र्यांचा विषय निघाला की कोणीतरी विचारतंच, "तो आपणहून उडी मारतो, की त्याला ढकलतात?" परवा तुम्हीही विचारलंत, म्हणून सविस्तर लिहितो.

आजकाल बहुतेक वेळा कुत्रा हँडलरच्या, म्हणजे त्याला सांभाळणाऱ्या सैनिकाच्या, अंगाला पट्ट्यांनी बांधलेला असतो. माणूस उडी मारतो, कुत्रा त्याच्याबरोबर जातो. तिथे हा प्रश्नच उरत नाही. प्रश्न खरा होता तो १९४४ मध्ये, ब्रिटिश सैन्याच्या १३व्या पॅराशूट बटालियनमध्ये. तिथल्या कुत्र्यांना स्वतःचं पॅराशूट असायचं, मुळात सायकली खाली टाकायला बनवलेलं. वजन साधारण तेवढंच, म्हणून तेच कुत्र्यांना बांधलं.

शिकवण्याची जबाबदारी लान्स कॉर्पोरल केन बेलीकडे होती. त्याने कुत्र्यांना आधी इंजिन चालू असलेल्या विमानात नुसतं बसवून ठेवलं. आवाज अंगवळणी पडला, दारूगोळ्याचा वास ओळखीचा झाला. उडीच्या आधी त्यांना खायला द्यायचं नाही आणि मांसाचा तुकडा बेलीच्या अंगरख्यात असायचा. ही पद्धत मला मनापासून पटते. कुत्र्याला नको तिथे ओढलं की तो पुढचे पाय रोवतो, भार मागे टाकतो, पंजाची बोटं फाकवतो. मग कितीही ओढा. पण आपला माणूस पुढे गेला आणि त्याच्याकडे खाऊ आहे, तर तेच पाय आपसूक सुटतात. हे मी रोज बघतो.

या तुकडीत राणी नावाची एक मादी होती. नाव आपलंच! तिच्या एका सराव उडीची बेलीने नोंद करून ठेवली आहे. तिने त्याच्या पाठोपाठ उडी मारली. त्याने वळून पाहिलं तर ती साधारण ३० यार्डांवर, थोडी वर तरंगत होती. गोंधळलेली, पण घाबरलेली नाही. त्याने हाक मारली. तिने त्याच्याकडे तोंड वळवलं आणि हवेतल्या हवेत जोरजोरात शेपटी हलवली. जमिनीवर एक कोलांटी खाऊन उठली आणि इकडेतिकडे बघत उभी राहिली. बेली धावत आला, तिला मोकळं केलं, खाऊ दिला.

म्हणजे आपणहून? सरावात, हो.

६ जून १९४४ च्या पहाटे, खऱ्या लढाईत, फ्रान्समधल्या नॉर्मंडीवर मात्र खालून विमानविरोधी तोफा धडधडत होत्या. बेलीने उडी मारली आणि त्याचा कुत्रा बिंग विमानाच्या मागच्या टोकाला जाऊन लपला. शेवटी त्याला पकडून बाहेर फेकावं लागलं. खाली तो झाडात अडकला आणि साथीदारांना सापडला तेव्हा जखमी होता. तरी पुढे त्याने सैनिकांसाठी पहारे केले, मार्च १९४५ मध्ये जर्मनीतल्या ऱ्हाईन नदीपलीकडे पुन्हा उतरला आणि १९४७ मध्ये त्याला प्राण्यांच्या शौर्यासाठीचं डिकिन पदक मिळालं.

ही गोष्ट सांगताना लपण्याचा भाग लोक गाळतात. मी गाळत नाही. ज्या आवाजाला माणसंही थरथरत होती, तिथून मागे सरणारा कुत्रा मला भित्रा वाटत नाही. त्याने लपून स्पष्ट सांगितलं होतं की त्याला जायचं नाही. तरी आपण त्याला पाठवलं. पदक देताना हे आठवलं पाहिजे, कारण युद्ध त्याचं नव्हतं.

बिंग युद्धानंतर ज्या घरातून आला होता तिथे परतला आणि १९५५ मध्ये गेला. राणीही नॉर्मंडीत उतरली होती; ती त्या पहिल्याच रात्री चुकामूक होऊन हरवली, पुन्हा कोणालाच दिसली नाही. खाली मिट्ट काळोख, वर तोफांचा गडगडाट. बेलीची हाक तिच्यापर्यंत पोचेल अशी ती रात्रच नव्हती.