जाडं धिरडं

पहिलं धिरडं कधीच नीट निघत नाही. तव्याला चिकटतं, मधे फाटतं, एका बाजूला पांढरं आणि दुसऱ्या बाजूला करपलेलं. ते करणारीने ओट्यापाशी उभ्या उभ्या, कुणाच्या नजरेस पडायच्या आत खाऊन टाकायचं असतं. माझ्या सासूबाई, ज्यांना घरातले सगळे जिजी म्हणतात, त्याला 'पहिलं तवानं' म्हणतात. पहिलं तव्याचं, दुसऱ्यापासून माणसांचं.

यंदा मे महिन्यात पुण्याहून भाची आली आणि दुसऱ्याच दिवशी म्हणाली, "मामी, पॅनकेक करू या ना. फ्लफी पाहिजेत पण, बोटभर जाड." अमळनेरात पारा ४४ वर, दुपारी बाराला रस्त्यावर कुत्रंही दिसेना, आणि हिला गॅससमोर उभं राहायची हौस. पण मी लगेच हो म्हणाले. पॅनकेक म्हणजे शेवटी काय, धिरडंच ना. बेसनाची, ज्वारीची, गूळपाण्यातली गव्हाची, वीस वर्षांत किती धिरडी घातली त्याचा हिशेब नाही. हा गर्व पुढचे दोन दिवस मला पुरला.

पहिली अडचण अंड्याची. जिजी माळकरी, त्यामुळे आमच्या स्वयंपाकघराचा उंबरा अंड्याने ओलांडलेला नाही. भाची म्हणाली, एका अंड्याऐवजी अर्धं पिकलेलं केळं कुस्करून घातलं तरी चालतं. जळगाव जिल्ह्यात राहून केळ्याला नाही म्हणायचं म्हणजे गंगेकाठी राहून पाण्याला नाही म्हणण्यासारखं. सालीवर काळे ठिपके पडलेली, कुणी खायला तयार नसलेली दोन केळी फडताळात होतीच. बाकी साहित्य साधं: वाटीभर मैदा, जवळजवळ तितकंच घट्ट ताक, दोन चमचे साखर, दोन चमचे वितळवलेलं लोणी, चिमूटभर मीठ, चमचाभर बेकिंग पावडर आणि पाव चमचा सोडा. सोड्याचा हात सैल सुटला तर पॅनकेक काळपट होतात आणि साबण चाटल्यासारखे लागतात, म्हणून पाव म्हणजे पावच.

बेकिंग पावडरीची गोष्ट मला फार आवडते. इंग्लंडात बर्मिंगहॅमला आल्फ्रेड बर्ड नावाचा औषधं बनवणारा गृहस्थ होता. त्याच्या बायकोला अंडं सोसत नव्हतं, म्हणून त्याने १८३७ साली बिनअंड्याचं कस्टर्ड तयार केलं. तिला यीस्टही सोसत नव्हतं, म्हणून १८४३ साली यीस्टशिवाय पाव फुगवणारी पूड केली. बायकोच्या पथ्यासाठी सहा वर्षांत दोन शोध! आमच्याकडे बायकोला वांगं सोसलं नाही तर नवरा शेजारी जाऊन भरीत खाऊन येतो.

असो. मी पीठ घोटायला बसले. घोटणं मला येतं. लाकडी चमचा घेऊन चांगली दहा मिनिटं घोटलं. रेशमासारखं पीठ चमच्यावरून सरसर उतरायला लागलं तेव्हा मी भाचीकडे पाहिलंसुद्धा, की बघ. तव्यावर घातलं, उलटलं, ताटलीत वाढलं. जिजींनी तुकडा तोडायला घेतला तर तो तुटेना, ताणला जायला लागला. त्यांनी तो खाली ठेवला, चष्मा सारखा केला आणि म्हणाल्या, "हाई ते चप्पलना तळ शे."

बोलणं लागलं, पण खोटं नव्हतं. पॅनकेक असा वातड झाला होता की लहान मुलाला दात येताना चघळायला द्यावा.

चूक कुठे झाली हे कळायला मला मांड्यांपाशी जावं लागलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे मांडे होतात, खापरावरची पुरणपोळी. चुलीवर मातीचं खापर पालथं घालायचं आणि दोन्ही हातांवर फिरवत फिरवत परातीएवढा वाढवलेला मांडा त्यावर अलगद उतरवायचा. त्यासाठी गहू ओलवून दळायचे, पीठ कपड्यातून गाळायचं, सैल भिजवायचं आणि मग पाणी लावून लावून, परातीत आपटून आपटून तिंबायचं. जिजींच्या शब्दात कणकेला 'तार' आली पाहिजे. ती नसेल तर पुरणाच्या ओझ्याने मांडा मनगटावरच फाटतो. जिजींचा मांडा कधी फाटलेला मी पाहिला नाही. आता त्यांचा खांदा दुखतो, त्या पाटावर बसून फक्त बघतात, आणि ते बघणं करण्यापेक्षा अवघड असतं. आमच्यासाठी.

ही तार म्हणजे ग्लुटेन. गव्हाच्या पिठातल्या प्रथिनांना पाणी मिळालं आणि वरून रगडा मिळाला की त्यांची लवचीक जाळी विणली जाते. जितकं तिंबाल तितकी चिवट. मांड्याचा सगळा जीव त्या जाळीत आणि पॅनकेकचा नाश त्याच जाळीत. जाळी घट्ट झाली की आतल्या वायूच्या बुडबुड्यांना पसरायला जागाच उरत नाही, पॅनकेक फुगतच नाही. मग माझी वीस वर्षांची धिरडी कशी सुटली? सोपं आहे. बेसनात आणि ज्वारीत ग्लुटेनच नाही, हवं तेवढं घोटा. आणि गव्हाचं धिरडं इतकं पातळ घालतो की त्याने फुगावं अशी कुणाची अपेक्षाच नसते. म्हणजे माझा हात चुकत होता, फक्त आजवर कुणी पकडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भाचीने माझा चमचा काढून घेतला. मधे खळगा करून त्यात ताक, केळं, लोणी ओतलं आणि मोजून पंधरा वेळा ढवळलं. ढवळलं म्हणजे वरखाली केलं. भांड्यात सरळ सरळ गुठळ्या दिसत होत्या, काही तर हरभऱ्याएवढ्या. मागून जाता जाता जिजींनी डोकावलं. "गुठळ्या राही ग्यात व!"

माझा हात शिवशिवत होता. पिठल्यात गुठळी राहिली की सुनेचं नाव जातं अशा घरात मी वाढले आणि तशाच घरात पडले. गुठळी दिसली की मोडायची, हे हाताला शिकवावं लागत नाही. आणि इथे एक चौदा वर्षांची मुलगी मला सांगत होती, "मामी, हात मागे. दहा मिनिटं झाकून ठेवायचं, त्या आपोआप भिजतात." मी पदराला हात पुसले आणि ओट्याला पाठ करून उभी राहिले. दहा मिनिटं.

त्या दिवशीही पॅनकेक चपटेच झाले. मऊ होते, तुकडा नीट तुटत होता, पण फुगणं नाही. आता संशय बेकिंग पावडरीवर गेला. डबी दिवाळीतल्या नानखटाईची, झाकण अर्धवट लागलेलं. गरम पाण्यात चमचाभर टाकून पाहिली. चांगली पावडर लगेच फसफसते. आमची मुकाट तळाशी जाऊन बसली. तिच्यात सोडा आणि कोरडं आम्ल एकत्र असतात, ओल लागली की ते डबीतल्या डबीतच एकमेकांना भिडून मोकळे होतात. संध्याकाळी ऊन उतरल्यावर ह्यांना बाजारात पिटाळलं. धिरड्यासाठी मे महिन्यात बाजार, हे वाक्य त्यांनी जाताना एकदा आणि आल्यावर दोनदा म्हटलं.

रात्री पुन्हा मांडलं. बिडाचा तवा मध्यम आचेवर नीट तापू दिला. तेल लावायला मी नेहमीसारखा अर्धा कांदा घेणार होते, पण गोडाला कांद्याचा वास कशाला, म्हणून वांग्याचा देठ घेतला. हिरव्या भरिताच्या वांग्याचा, बुडाशी थोडा गर ठेवून कापलेला. काट्याकडून धरायचा, गराची बाजू तेलात बुडवायची आणि तव्यावर फिरवायची. भाचीने त्याचा फोटो काढला. पुण्यात ह्यासाठी सिलिकॉनचा ब्रश मिळतो म्हणे.

पहिलं तवानं. ते मी खाल्लं.

दुसरं पळीभर पीठ तव्याच्या मधोमध ओतलं आणि पळीने पसरवायचं नाही, ते आपलं आपण सरकतं तेवढं सरकू द्यायचं. मिनिटभराने वर बुडबुडे आले. आधी कडेला, मग मधे. बुडबुडा फुटला की त्याचं भोक लगेच पिठाने बुजत होतं. "अजून नाही," भाची म्हणाली. मग एक भोक बुजलं नाही. दुसरंही उघडंच राहिलं. कडेची चकाकी गेली. "आता!" उलथनं आत सरकवलं, एकदाच उलटलं, आणि माझा दुसरा हात सवयीने फडका घेऊन पुढे गेला. पोळी कडेने दाबली की फुगते ना! भाचीने मनगटच धरलं. पॅनकेक दाबला की आत कोंडलेली हवा निघून जाते, तो बसतो तो बसतोच. मी फडका खांद्यावर टाकला आणि पाहत राहिले. उलटलेली बाजू वर सोनेरी तपकिरी, आणि कडेची पांढरी पट्टी माझ्या डोळ्यांदेखत उंच होत होती. बेकिंग पावडर ओली झाली की एकदा काम करते आणि उष्णता लागली की पुन्हा. ते 'पुन्हा' मी पहिल्यांदा पाहिलं.

बोटभर जाड झाला. खरंच बोटभर. मधून तोडला तर आत नुसती जाळी.

भाचीने पुण्याहून मेपल सिरपची छोटी बाटली आणली होती. कॅनडात मेपलच्या झाडाला भोक पाडून रस काढतात, तो आटवतात, आणि सुमारे चाळीस लिटर रसातून एक लिटर सिरप निघतं, हे तिने जिजींना समजावून सांगितलं. जिजींनी बोटावर थेंब घेतला, जिभेला लावला. "पातळ काकवी शे." आणि बाटली बाजूला सरकवली. त्यांच्या ताटात आमरसाची वाटी होतीच. पॅनकेकचा तुकडा रसात बुडवला तर तो बुडवायची गरजच नव्हती, टेकवल्याबरोबर त्याने रस ओढून घेतला. मांड्याची घडी रसातून निघते तेव्हा रस तिच्यावरून ओघळतो. हा तुकडा रसाने फुगून जड होऊन वर आला. जिजींनी तो तोंडात ठेवला आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग दुसरा घेतला. मग तिसरा. पहिल्या दिवशीचा तळवा त्या विसरल्या नव्हत्या, कारण चौथा मागताना म्हणाल्या, "जाडं धिरडं शे. पण गोड शे."

सकाळी उठले तर ओट्यावर परात काढलेली होती, पीठ भिजवून ठेवलेलं होतं. जिजींनी भाचीला समोर बसवलं होतं.

"आते तिंब."

"किती वेळ?"

"तार येस तोवर."

भाचीने मोजून पंधरा वेळा मळलं आणि सवयीने हात उचलला. जिजींनी तो धरून परत परातीत ठेवला.