घर स्वतःचं, मग भाडं कसलं?

पुण्याला गेले की कोणीतरी हे विचारतंच. इथे कॅलिफोर्नियात, सॅन होजेच्या मंडळातले लोकही विचारतात, गणपतीच्या पंगतीत, हळूच. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सांगते. घर आमचं, कारखान्यात बांधून इथे आणून ठेवलेलं, म्हणजे 'मोबाईल होम'. त्याखालची जमीन मोबाईल होम पार्कच्या, म्हणजे अशा घरांच्या वस्तीच्या, मालकाची. महिन्याला दीड हजार डॉलर जातात ते त्या जमिनीचे. "म्हणजे मेंटेनन्सच ना?" नाही हो. सोसायटी आपली असते, सभेत भांडता तरी येतं. इथे पाण्याचं बिल वेगळं आणि छप्पर गळलं तर आमचं आम्ही बघायचं.

घेताना मला हे ठाऊक होतं. तीन लाख डॉलरांत अंगणासकट घर, तेही सॅन होजेत! भाडं मनमानी वाढत नाही, शहराचा कायदाच आहे, असं मीच सगळ्यांना ऐकवायची: वर्षाची वाढ महागाईच्या ७५ टक्के, कमाल ७ टक्के. त्याच कायद्यात किमान ३ टक्केही आहे, ते मात्र मी भरभर उरकायची.

मग नवऱ्याची बदली ठरली आणि घर विकायला काढलं. एक तरुण जोडपं आलं. तिने ओट्याची उंची पाहिली, खिडकीतल्या कढीपत्त्याचं पान चुरगळून हुंगलं. "स्पेस रेंट किती?" त्याने विचारलं. मी आकडा सांगितला. त्याने मोबाईलवर कर्जाचा हप्ता काढला. जमीन आपली नसली की नेहमीचं गृहकर्ज मिळत नाही. मिळतं त्याचं व्याज चढं. त्यात भाडं मिळवून त्याने स्क्रीन तिच्याकडे वळवली. ती पान ओट्यावर ठेवून बाहेर पडली. त्यानंतरही लोक आले, प्रश्न तोच. एजंट म्हणाली, भाडं चढेल तशी घराची किंमत उतरणार. आम्ही बदली नाकारली.

"उचलून न्या की, चाकं असतात ना!" इति सासरे. मामंजी, चाकं केव्हाच काढलीत. घर मधोमध सोडवून दोन ट्रकांवर घालायचं, आणि न्यायचं कुठे? जुनं घर कुठलाही पार्क सहसा आत घेत नाही.

जवळच्याच पालो अल्टोतला ब्यूना व्हिस्टा हा असाच मोबाईल होम पार्क मालक बंद करणार होता. २०१७ साली काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, सरकारी हाउसिंग अथॉरिटीने तो विकत घेतला, तेव्हा तिथली माणसं टिकली. आमच्यासाठी कोण येणार? नवरा म्हणतो, अपार्टमेंटच्या भाड्यापेक्षा अजून फायद्यात आहोत. आहोतच. यंदाच्या वाढीची नोटीस नियमाप्रमाणे ९० दिवस आधी आली आहे. तो यंदाची वाढ तोंडी सांगतो, मी वीस वर्षांची चक्रवाढ काढत बसते, आणि जेवण गार होतं.