‘पूरक’ हा शब्द आमच्याकडे बंद आहे

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. विचारणारे बरेच असतात. कुणी नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर गाठतं, कुणी लग्नाच्या पंगतीत. प्रश्न साधारण एकच: “तुम्ही सहा जण मिळून नाटकावर, गाण्यावर, चित्रांवर लिहिता, ते सुरू कसं केलंत? आमच्या गावातही करायचंय.” मी म्हणते, या एकदा चहाला. ते येत नाहीत. म्हणून एकदाच काय ते लिहून टाकते.

मी सांगलीची. बँकेत तीस वर्षं काढली, निम्मी कॅशच्या खिडकीत आणि उरलेली ऑडिटरांना उत्तरं देण्यात. आमचं गाव स्वतःला नाट्यपंढरी म्हणवतं आणि त्याला तसा आधारही आहे. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ इथेच केलं, त्या प्रयोगाची आठवण म्हणून 5 नोव्हेंबरला रंगभूमी दिन होतो. तेव्हा अभिमानाला काही तोटा नाही. पण परवा झालेल्या नाटकाचं विचारा, “छान झालं की” यापलीकडे कुणी एक वाक्य बोलणार नाही. पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या प्रयोगाबद्दल तासभर बोलतील.

राज्य नाट्य स्पर्धा 1954 पासून चालत आलीय. तिच्या प्राथमिक फेरीचे दिवस म्हणजे माझी वर्षातली दिवाळी. हौशी मंडळी नोकऱ्या सांभाळून दोन-दोन, तीन-तीन महिने तालमी करतात, कुणाच्या तरी गाळ्यात, शाळेच्या वर्गात. पडदा वर जातो, दोन-अडीच तासांनी खाली येतो. बहुतेक नाटकांचा तो पहिला आणि शेवटचा प्रयोग. मागे राहतं काय, तर निकालाचा कागद आणि पेपरातल्या चार ओळी.

त्या चार ओळी काही वर्षं मी लिहायचे. मानधन नाही, नाव नाही, हौस म्हणून. आता जुनी कात्रणं काढून बघितली तर लाज वाटते. पहिले तीन परिच्छेद कथानक. मग कोणी कोणती भूमिका “समर्थपणे पेलली”. आणि शेवटी ठरलेली आरती: “नेपथ्य साजेसे, वेशभूषा अनुरूप, प्रकाशयोजना पूरक होती.” आपल्याकडे नाटकावर लिहायला बसलं की हे वाक्य आपोआप उमटतं. हात पेनाला लागला की झालंच.

एका सकाळी भाजीबाजारात मेथी निवडत होते. मागून आवाज आला, “मॅडम, पूरक म्हणजे काय वो?”

बघते तर आदल्या आठवड्यातल्या नाटकाचा लाइटवाला. एरवी इलेक्ट्रिकची कामं करतो. हातात टोमॅटोची पिशवी, चेहऱ्यावर राग बिलकुल नाही, खरंच विचारत होता. मी काहीतरी गुळमुळीत बोलले. नाटकाला मदत करणारी वगैरे.

तो म्हणाला, “हॉलवर बारा स्पॉट. चालू सात. दुसऱ्या अंकात ती बाई खिडकीपाशी पत्र वाचती बघा, तिथं मला मागनं उजेड पायजे होता. वरनं मारायला दिवाच न्हवता. मग विंगेत बेबी, म्हंजे छोटा स्पॉट, खाली ठेवला आन् आरशाच्या तुकड्यावर मारला. तुमाला दिसलं का?”

दिसलं होतं. तेच तर वाईट. पत्राचा कागद उजळला होता आणि बाईचा चेहरा अंधारात होता. हनुवटीखालून जरासा उजेड हलत होता, ती तोंड उचलायची तेव्हा तेवढाच ओठांवर यायचा. अंगावर काटा आला होता माझ्या. घरी जाऊन मी लिहिलं काय? पूरक.

बँकेत आमच्या एक जुने साहेब होते. कुणी येऊन म्हटलं, “साहेब, एवढी रक्कम खर्ची टाकलीय”, की मान वर न करता विचारायचे, “व्हाउचर?” नसेल तर एन्ट्री खोडायची, मग रक्कम पाच रुपये का असेना. बाजारातून परतताना मला त्यांचा तो सूर आठवत राहिला. तीस वर्षं दुसऱ्यांकडे व्हाउचर मागितलं, आणि स्वतः मात्र “समर्थपणे पेलली” अशा एन्ट्र्या बिनधास्त टाकत होते.

तर आमची सुरुवात तिथून झाली. लाइटवाल्यालाच म्हटलं, पुढच्या नाटकाला माझ्या शेजारी बस. तो म्हणाला, मला लिहायला येत न्हाई. म्हटलं, तू बघ, मी लिहिते.

मग एकेक जमले. एक साइनबोर्ड रंगवणारे पेंटर, फ्लेक्स आल्यापासून हाताला काम कमी आणि वेळ भरपूर. एक निवृत्त प्राध्यापक. एक कॉलेजची पोरगी, तिला सगळ्यातलं सगळं कळतं असं तिला वाटतं (आणि निम्म्या वेळा ते खरंही असतं). आणि मिरजेचे चाचा, तंबोरे करणारे. मिरजेत हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालतं. भोपळा पंढरपूरकडून येतो, बाकी सगळं इथे घडतं. चाचा गाण्यावर कधी बोलत नसत, फक्त ऐकत. मला वाटायचं, त्यांना मत नाही.

ए-फोरचा एक कागद, पाठपोट झेरॉक्स. नाट्यगृहाच्या दाराशी, दोन चहाच्या टपऱ्यांवर, वाचनालयात आणि एका केशकर्तनालयात ठेवतो. त्याला नाव ठेवण्यावरून इतकं भांडण झालं की शेवटी ठेवलंच नाही. लोक नुसतं ‘कागद’ म्हणतात. प्राध्यापकांना हे खटकतं. त्यांचं म्हणणं, विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 1874 साली निबंधमाला काढली आणि 84 अंक जवळपास एकहाती लिहिले, आणि आपल्याला सहा जणांत मिळून एक नाव सुचत नाही.

पद्धत काय, असंही विचारता. पद्धत एवढीच की प्रत्येक प्रयोगाला दोघांनी जायचं. एकानं लिहायचं. दुसऱ्यानं ते पेन्सिल घेऊन वाचायचं आणि जिथे अडेल तिथे समासात ‘व्हा.’ लिहायचं. म्हणजे व्हाउचर. “अभिनय कृत्रिम होता”: व्हा. कुठे? कुठलं वाक्य? हात काय करत होते? उत्तर नसेल तर ओळ गेली. हे सगळं दुसऱ्या दिवशी सकाळी, त्याच रात्री मुळीच नाही. रात्री नाटकावरून येणारा माणूस एक तर भारावलेला असतो किंवा भुकेलेला, आणि दोन्ही अवस्थांत लिहू नये. आम्ही गणपतीच्या देवळाजवळ बाकड्यावर बसतो, ऊन चढेपर्यंत.

‘पूरक’ पहिल्या दिवशी बंद झाला. पाठोपाठ ‘अनुरूप’, ‘साजेसे’, ‘लक्षवेधी’, आणि गाण्याच्या बाबतीत ‘श्रोते मंत्रमुग्ध झाले’. हा शेवटचा बंद केल्यावर पहिल्यांदा कळलं की श्रोत्यांकडे बघावं लागतं. तिसऱ्या रांगेतले दोघे मोबाइल बघत होते.

मिरजेची एक गोष्ट सांगते म्हणजे एकट्याने का नाही, मिळून का, ते लक्षात येईल. थोर गवई अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेचे, 1937 साली गेले, दर्ग्याच्या आवारातच त्यांची कबर आहे आणि उरुसात तिथे गाणं होतं. त्यामुळे या गावात सुराबद्दल लिहायचं म्हणजे धारिष्ट्यच. अशाच एका संध्याकाळच्या बैठकीवर आमच्या पोरीनं लिहिलं. गायिका मारवा राग गायली, सूर अस्वस्थ करणारा होता, आणि मध्यंतरी ती दोनदा मागे वळून बघत होती.

चाचांनी वाचलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा ते सलग बोलले. “बेटा, मारवा न्हवता, पूरिया होता. सूर तेच. रिषभ कोमल, मध्यम तीव्र, पंचम नाही. पण मारवा रिषभ-धैवतावर बसतो, पूरिया गंधार-निषादावर. घर तेच, बसायची जागा निराळी.”

पोरगी हिरमुसली. तिला वाटलं सगळंच लेखन गेलं. चाचा म्हणाले, “थांब. ती मागं वळली हे तू बरोबर लिहिलंस. का वळली ते लिही.” आणि मग त्यांनी सांगितलं. डाव्या हाताच्या तंबोऱ्याची जवारी गेली होती. घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, तारेखाली सूत असतं, ते केसभर सरकलं की तार नुसती टण्‌ वाजते, तिचा झणकार मिटतो. निषादाची तार होती ती. पूरियात निषादाचा आधारच गेला, तर गाणारी वळून बघणार नाही तर काय करणार? पोरीला जी अस्वस्थता रागात वाटली, तिच्यातली निदान अर्धी त्या सुताच्या धाग्यात होती.

चाचांना सूत ऐकू आलं होतं, पण गायिका किती वेळा वळली हे त्यांनी पाहिलं नव्हतं, ते डोळे मिटून बसतात. पोरीनं पाहिलं, पण तिला सूत ऐकू आलं नाही. त्या कागदातला तो परिच्छेद मला आजही आमचा सगळ्यात चांगला वाटतो. दोघांपैकी कुणालाही तो एकट्याने लिहिता आला नसता.

चित्रांचं म्हणाल तर पेंटर आहेत. आबालाल रहमान आणि बाबुराव पेंटर यांच्या कोल्हापूरला प्रदर्शन बघायला जायचं तर ते एक चित्र वीस मिनिटं बघतात, बाकीचे आम्ही तोवर चहा पिऊन येतो. मग म्हणतात, “पाणी वाळायच्या आत दुसरा हात मारलाय, घाई झालीय.” लिहायला एवढं पुरतं.

नावाचा प्रश्न प्रत्येक जण विचारतो: खाली सही करता का? इथेही प्राध्यापकांनी माहिती पुरवली. लंडनच्या टाइम्स लिटररी सप्लिमेंटमध्ये 1974 पर्यंत परीक्षणाखाली नाव छापत नसत. त्यांना परवडत असेल. सांगलीत निनावी लिहिलं तर संध्याकाळपर्यंत गावाला कळतं की कोणी लिहिलं, वर भित्रेपणाचा शिक्का. आम्ही दोन नावं घालतो: ‘पाहिलं’ पुढे एक, ‘विचारलं’ पुढे दुसरं. शिव्या निम्म्या-निम्म्या वाटून येतात.

नात्यागोत्याचं काय? लहान गावात नटाचा मामा नाही असा माणूसच सापडत नाही. नातेवाइकांवर लिहायचं नाही असं ठरवलं असतं तर कागद कोराच निघाला असता. म्हणून वरच छापतो. “लिहिणारीचा भाचा या नाटकात हवालदार आहे.” वाचणाऱ्यानं काय ते वजा करून घ्यावं. भाच्याबद्दल मी लिहिलं होतं की तो संवाद संपला की डोळ्यांनी पुढच्या नटाला ‘आता तू’ म्हणतो. वहिनी दोन महिने बोलल्या नाहीत. भाचा मात्र पुढच्या वर्षी तसं करत नव्हता.

फुकट पास घेत नाही. स्पर्धेचं तिकीट चहा-भज्यांच्या पैशात येतं, त्यात लाचार व्हायचं कारण नाही.

सगळं सुरळीत चालतं असं समजू नका. एका संस्थेनं आमचं तोंड बघणं सोडलंय. एकदा आमच्यातल्या दोघांचं एका नाटकावरून इतकं वाजलं की शेवटी एकाच प्रयोगावर दोन कागद काढले, एक पांढरा, एक पिवळा. लोकांना ते फारच आवडलं, म्हणजे भांडण आवडलं. आणि एकदा मी भडंग घेतलं, तर पुडी आमच्याच कागदाची. तेल मुरून ‘व्हाउचर’वाला परिच्छेद पारदर्शक झाला होता. पेंटर म्हणाले, चला, वाचला तरी गेला.

एक कागद मात्र वेगळा निघाला. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांनी उभारलेलं, 1915 चं, तेव्हाचं पॅलेस थिएटर. दुसऱ्या दिवशी गायक-नट केशवरावांची जयंती. सकाळी बाकड्यावर जमलो तेव्हा कुणी बोलत नव्हतं. जो तो फोनवर ज्वाळांचे तेच व्हिडिओ बघत होता. मग लाइटवाला म्हणाला, “लिवूया की. पण रडायचं न्हाई. व्हाउचर पायजे.”

प्रत्येकानं एकच गोष्ट लिहायची, तिथे स्वतः पाहिलेली किंवा ऐकलेली. चाचांनी लिहून दिलं की शेवटच्या रांगेत बसून त्यांना माइकशिवाय नटाचा श्वास ऐकू आला होता. प्राध्यापकांनी विद्यार्थी असताना बाल्कनीतून पाहिलेल्या एका नाटकातली फक्त एक एक्झिट लिहिली. मी प्रयोग संपल्यावर बाहेर पडताना खासबाग मैदानाकडून येणारा वारा लिहिला, तो पेन्सिलीतून कसाबसा सुटला. लाइटवाल्यानं वरचे बार, दोऱ्या आणि कुठला दिवा कुठे लटकवला की चेहरा कसा दिसायचा, याचं चित्रच काढलं, मापांसकट. मागच्या बाजूला तेवढंच छापलं. तो कागद मागायला कोल्हापूरहून लोक आले.

लिहायला येत नाही म्हणणारा तो माणूस आता आमच्यातला सगळ्यात कडक पेन्सिलवाला आहे. मागच्या महिन्यात माझ्या मजकुरात त्यानं पाच ठिकाणी ‘व्हा.’ मारलं. एका ठिकाणी मी ‘सुसंगत’ असा शब्द वापरला होता. त्यानं समासात लिहिलं, “मॅडम, हा पूरकचाच भाऊ हाय.”

तर तुमच्या गावात करायचं असेल तर किती माणसं, किती पैसे, कुठला कागद हे नंतर बघू. तुमच्याकडे परवा काय झालं? भजनी मंडळाचा कार्यक्रम असेल, शाळेचं गॅदरिंग असेल, गणपतीच्या मंडपातलं नाटक असेल. त्यातली एकच पाच मिनिटं निवडा आणि पानभर लिहून पाठवा. शेजारी कोण बसलं होतं तेही लिहा. वाचायला मी लाइटवाल्याकडे देणार आहे.