टारवरनं मायएसक्यूएल टाकलं त्याची गोष्ट

ओळखीच्या एका पतसंस्थेत जुनं मशीन होतं, त्यावर उबुंटू २४.०४ (लिनक्सचाच एक प्रकार), आणि त्याला इंटरनेट नाही, मुद्दामच दिलेलं नाही. त्यामुळे ॲप्टनं (उबुंटूत नेटवरनं सॉफ्टवेअर टाकायची कमांड) दोन मिनिटांत होणारं काम मला पेनड्राइव्हवरनं करावं लागलं. मायएसक्यूएल ८.४ या डेटाबेस सर्व्हरची लिनक्ससाठी आधीच कंपाइल केलेली टार फाइल (सगळ्या फाइलींचं एकच गाठोडं) घरून उतरवून नेली, मिनिमल नावाची छोटी पण मिळते हे नंतर कळलं, मी आपली मोठीच घेऊन गेलो.

पहिलीच कमांड सर्व्हरच्या युजरसाठी ग्रुप बनवायची, तर म्हणे मायएसक्यूएल नावाचा ग्रुप आधीच आहे. मी म्हटलं बरंच झालं, एक काम वाचलं, आणि पुढे गेलो. इथंच थांबून विचार करायला हवा होता राव, की मायएसक्यूएल नसलेल्या मशीनवर हा ग्रुप आला कुठून?

यूएसआर-लोकलमधे टार उघडली, त्या लांबलचक नावाच्या फोल्डरला नुसतं मायएसक्यूएल अशी लिंक दिली (सर्व्हर स्वतःच्या फाइली त्याच पत्त्यावर शोधतो, शिवाय उद्या नवीन व्हर्जन आलं तर फक्त लिंक बदलायची). मग इनिशियलाइज मारलं (डेटा फोल्डर पहिल्यांदा तयार करायची कमांड) तर लिबएआयओ डॉट एसओ डॉट १ ही लायब्ररी सापडत नाही म्हणून एरर. पॅकेज तर होतं! उबुंटू चोवीसमधे त्या लायब्ररीचं नाव बदललंय, शेवटी १ च्या जागी १टी६४ लागतं, मग जुन्या नावानं लिंक करून दिली की गाडी चालू.

आता इनिशियलाइज झालं की रूटचा (मुख्य युजरचा) तात्पुरता पासवर्ड स्क्रीनवर येतो असं वाचून गेलो होतो. माझ्या स्क्रीनवर काहीच नाही. एरर नाही, पासवर्ड नाही, नुसता प्रॉम्प्ट. परत मारलं तर म्हणतो डेटा फोल्डरमधे फाइली आहेत, मी नाही करणार. फोल्डर उडवून परत केलं, परत तेच, अजून एकदा केलं. मागनं कॅशियर काका दर पाच मिनिटांनी "झालं का हो?" आणि मी "होतंय काका".

शेवटी सर्व्हरला व्हर्बोज हेल्प मागितली, त्यात सुरुवातीलाच तो कुठल्या कुठल्या कॉन्फिग (सेटिंगच्या) फाइली वाचतो ते क्रमानं लिहिलेलं असतं. पहिलंच नाव इटीसीमधल्या माय डॉट सीएनएफचं, आणि ती फाइल तिथं हजर! आधी कुणीतरी इथं मायएसक्यूएल टाकलेलं, नंतर काढलं, पण ही फाइल आणि तो ग्रुप तसाच ठेवून गेला. तिच्यात लॉग-एररची ओळ होती (सर्व्हरचे मेसेज कुठल्या फाइलीत लिहायचे ते सांगणारी), म्हणून पासवर्ड गुपचूप व्हार-लॉगमधल्या एरर लॉगमधे जात होता. तिथं बघतो तर तीन पासवर्ड, तीन वेळा मारलं ना. घाईत वरचा उचलला, १०४५, ॲक्सेस डिनाइड. अर्थातच शेवटचा चालणार होता. तो टाकून आत गेलो तर १८२०, आधी पासवर्ड बदला. बदलला एकदाचा.

मग त्यांचं पीएचपीचं सॉफ्टवेअर जोडेना. लोकलहोस्ट (म्हणजे हेच मशीन) लिहिलं की पीएचपी नेटवर्कवरनं न जाता सॉकेट फाइल (एकाच मशीनवरचे प्रोग्रॅम जिच्यातनं बोलतात ती) शोधतं, आणि ते शोधत होतं व्हार-रनमधे, तर टारवाल्या सर्व्हरची सॉकेट टेंप फोल्डरमधे. लोकलहोस्टच्या जागी १२७.०.०.१ हा त्याच मशीनचा नेटवर्क पत्ता टाकला, पोर्ट ३३०६ तोच, लगेच खाती दिसायला लागली. काका खूश, चहा आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला फोन. रात्री लाइट गेलेली, मशीन परत चालू झालं पण डेटाबेस नाही. मी तो हातानं मायएसक्यूएलच्या सेफ स्क्रिप्टनं सुरू करून आलो होतो, बूटला लावायचाच राहिला! परत गेलो, सपोर्ट-फाइल्समधली स्क्रिप्ट इनिट डॉट डीमधे (मशीन चालू होताना चालायच्या स्क्रिप्टांचं फोल्डर) टाकली, ती बूटला लावली आणि काकांच्या समोर मशीन दोनदा रिबूट करून दाखवलं. ते म्हणाले अजून एकदा करा.